ब्रायटनला जाताना डावी खिडकी धरा

उन्हाळ्यात आमच्या क्रॉयडनच्या घरी पुण्याहून कोणी आलं की ब्रायटनची चक्कर ठरलेली. सगळ्यांना घाई समुद्राची. पण लंडनला समुद्राशी जोडणारा हा १८४१ सालचा रेल्वेमार्ग स्वतःच बघण्यासारखा आहे, असं मी प्रत्येकाला बजावून सांगते.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून सदर्न या रेल्वेसेवेची जलद गाडी तासाभरात पोचवते. तुम्ही मात्र लंडन ब्रिज स्टेशनहून थेम्सलिंक या दुसऱ्या सेवेची, वाटेतल्या बाल्कम गावाला थांबणारी गाडी पकडा. लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड गॅटविक विमानतळापर्यंतच चालतं, तेव्हा तिकीट काढूनच बसा, आणि मध्ये उतरणार आहात हे खिडकीवर सांगा. तिघं किंवा जास्त असाल तर ग्रुपसेव्ह ही गटाची सवलत मागा. गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सूट मिळते. रविवारी रुळांची कामं काढतात आणि मधला टप्पा बसने करावा लागतो, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री बघाच.

बाल्कमला उतरून पायवाटेने ऊझ नदीवरच्या रेल्वेपुलाखाली जा. गाडीतून हा पूल कळतच नाही, नुसती दरी दिसते. खाली उभं राहिलं की ३७ कमानी, सुमारे ४५० मीटर लांबी आणि एक कोटी दहा लाख विटा! बऱ्याचशा विटा हॉलंडहून जहाजाने आणून याच नदीतून वर चढवल्या. प्रत्येक खांबाच्या पोटातही कमान कोरलेली आहे. एका टोकाच्या खांबात मधोमध उभं राहून आरपार बघा: कमानीत कमान, तिच्यात आणखी लहान कमान, थेट पलीकडच्या हिरवळीपर्यंत. फोटो इथेच काढा.

पुढच्या गाडीत डावी खिडकी धरा. हॅसॉक्सनंतर टेकडीवर जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या दिसतात, लगेच क्लेटनचा बोगदा. १८६१ मध्ये याच बोगद्यात दोन गाड्या धडकून २३ माणसं गेली. सिग्नलवाल्याचा गैरसमज झाला होता, आणि तो सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता. त्याला एकट्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही.

ब्रायटन स्टेशनातून क्वीन्स रोड सरळ समुद्रावर उतरतो. किनारा गोट्यांचा आहे, वाळू नाही. चपला जाड तळव्यांच्या घाला.

पहिल्या महायुद्धात इथल्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू-शीख सैनिकांचं जिथे दहन झालं, तिथलं ‘छत्री’ हे स्मारक ब्रायटनजवळच्या पॅचमच्या वरच्या टेकडीवर आहे. आपल्या माणसांनी तिथे जायलाच हवं. चढ चालत जावं लागतं, म्हणून त्यासाठी वेगळा दिवस काढा.