वय वाढलं की खाणं कमी करताय? या चुका टाळा

माझ्या आईने साठीनंतर एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. आधी अंडी सोडली, कोलेस्टेरॉल वाढतं म्हणून. मग तेल-तूप जवळजवळ बंद, मग कडधान्यं कारण गॅस होतो, आणि शेवटी रात्रीचं जेवणच, त्याऐवजी कपभर दूध आणि दोन बिस्किटं. वर्षभरात पाच किलो वजन उतरलं आणि आम्ही सगळे खूष, की बघा कसा कंट्रोल ठेवलाय तिने. पुढे एके दिवशी लक्षात आलं की ती खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर लावतेय आणि जिन्यात मध्येच थांबतेय. त्या पाच किलोत चरबीबरोबर स्नायूही गेले होते आणि ते आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हापासून मला सगळ्यात मोठी चूक हीच वाटते, की वय वाढलं की आपण ताटातून काढत जातो पण त्या जागी काही ठेवत नाही. कॅलरीची गरज कमी होते हे खरंय. पण प्रोटीन, कॅल्शियम, बी१२, ड जीवनसत्त्व यांची गरज कमी होत नाही, काहींची तर वाढते. म्हणजे भूक कमी झालीये पण शरीराला लागणाऱ्या गोष्टी तेवढ्याच आहेत, मग जे चार घास पोटात जातायत ते नुसते पोट भरणारे असून कसं चालेल?

उठता-बसता आधार लागतोय? आधी प्रोटीन बघा

तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. याला सार्कोपेनिया म्हणतात. यात अजून एक गोष्ट होते, वय झालेल्या स्नायूंना थोडंसं प्रोटीन पुरत नाही, तरुणपणी जेवढ्यावर स्नायू बांधले जायचे तेवढ्यावर आता ते नीट जागेच होत नाहीत. म्हणून मोठ्यांसाठीचं नेहमीचं प्रमाण वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम असलं तरी पासष्टीच्या पुढच्या लोकांना १ ते १.२ ग्रॅम घ्या असं बरेच तज्ञ सांगतात. ६० किलोच्या माणसाला हे दिवसाचे ६० ते ७२ ग्रॅम झाले.

आता एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, कपभर दुधात ८ ग्रॅम, वाटीभर घट्ट शिजवलेल्या डाळीत ७-८ ग्रॅम, असा हिशोब मांडून बघा आणि तुमच्या घरातल्या आजी-आजोबांच्या दिवसाची बेरीज करा. आमच्याकडे ती बेरीज ३० ग्रॅमसुद्धा गाठत नव्हती. आणि दुसरी चूक म्हणजे वाटणी, सकाळी चहा-बिस्किट, दुपारी थोडंसं आणि जे काय प्रोटीन असेल ते सगळं एकाच जेवणात. त्यापेक्षा तिन्ही वेळेला २०-२५ ग्रॅमच्या आसपास येईल असं बघा, सकाळी अंडी किंवा दही, दुपारी-रात्री डाळ, कडधान्यं, मासे, चिकन, सोयाबीन, जे तुमच्या खाण्यात बसतं ते. पण एक लक्षात ठेवा, किडनीचा आजार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, तिथे प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टरच ठरवणार. आणि नुसतं खाऊन स्नायू बनत नाहीत, खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं असला हलका व्यायाम तरी सोबत हवाच.

अंड्यांबद्दल पण सांगते. अमेरिकेच्या सरकारी आहार मार्गदर्शनात पूर्वी दिवसाला ३०० मिलीग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा होती, २०१५-२० च्या आवृत्तीत तो आकडा काढून टाकला. बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड आणि ट्रान्स फॅटने (तूप-लोणी, डालडा, बेकरीच्या पदार्थांतली चरबी) जास्त वाढतं. म्हणजे अंडं बंद करून बिस्किटं चालू ठेवली तर उलटंच झालं की!

मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा आणि "वयच झालंय"

हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो. हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, सारखं थकल्यासारखं वाटतं, आणि घरचे म्हणतात वय झालं. अहो, आधी बी१२ ची टेस्ट तरी करा! अन्नातलं बी१२ सुटं व्हायला पोटात पुरेसं ॲसिड लागतं, वयानुसार ते बऱ्याच जणांचं कमी होतं, आणि पन्नाशीपुढच्या १० ते ३० टक्के लोकांना अन्नातलं बी१२ नीट शोषता येत नाही असा अंदाज आहे. त्यात डायबिटीससाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर अजूनच भर. शुद्ध शाकाहारी माणसाला तर आधीच कमी मिळतं, कारण बी१२ वनस्पतींमधून मिळत नाही. गोळीतलं बी१२ मात्र अन्नातल्यासारखं अडकून नसतं त्यामुळे ते कमी ॲसिडमध्येही शोषलं जातं.

इथे एक धोकादायक चूक होते. थकवा आहे म्हणून कुणीतरी फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करतं, त्याने रक्त सुधारतं, रिपोर्ट चांगला दिसतो, पण बी१२ कमीच असेल तर नसांचं नुकसान आत चालूच राहतं आणि ते उशिरा कळलं तर पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणून मनाने गोळ्या सुरू करायच्या आधी टेस्ट.

हाडांसाठी फक्त दूध?

पन्नाशीपुढच्या बायकांना आणि सत्तरीपुढच्या सगळ्यांना दिवसाला १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम सुचवतात. कपभर दुधात साधारण ३०० असतं, म्हणजे एका कपावर भागत नाही, दही, तीळ, काट्यासकट खायचे छोटे मासे, हिरव्या पालेभाज्या असं मिळून ते भरावं लागतं. गोळी घेत असाल तर एका वेळी ५०० मिलीग्रॅमच्या वर नको, त्यापुढे शोषण घटतं. आणि ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही, वय झालेली त्वचा उन्हात ते कमी बनवते, शिवाय वयस्कर माणसं घरातच जास्त असतात.

लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, कॅल्शियम लोहाच्या शोषणाच्या आड येतं. जेवणाबरोबर लगेच चहा पण नको, तासभर तरी थांबा.

चव लागत नाही म्हणून मीठ

वयानुसार चव आणि वास कमी होतात, काही औषधांनी पण होतात, मग हात मिठाकडे आणि लोणच्याकडे जातो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात ब्रेड, बिस्किटं, पाकिटातलं खाणं यातलं मीठ पण धरायचं. लिंबू, आलं, लसूण, मिरी, कोथिंबीर यांनी बरंच काम होतं. पण बाजारात "लो सोडियम" मीठ मिळतं ते न विचारता सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि किडनी कमजोर असेल किंवा बीपीची काही विशिष्ट औषधं चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

पाण्याचं पण तसंच. तहानेची जाणीवच कमी होते, त्यामुळे तहान लागेल तेव्हा पिऊ म्हटलं तर दिवस जातो. उठताना चक्कर, गडद लघवी, बद्धकोष्ठता दिसली तर आधी पाणी किती गेलं ते बघा. फायबर वाढवून पाणी नाही वाढवलं तर बद्धकोष्ठता कमी व्हायच्या ऐवजी वाढते, हे पण खूप जणांचं होतं. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर अर्थातच तेच पाळा.

गोळ्यांवर सगळं सोपवणं

फळं-भाज्या नकोत, मल्टीव्हिटॅमिन आहे ना, असं म्हणणारे घरोघरी आहेत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली, गाजरासारख्या भाज्यांमधलं बीटा कॅरोटीन गोळीतून दिलं तर कॅन्सर कमी होईल अशी आशा होती, आणि १९९४ मध्ये निकाल आला तर त्या गटात फुफ्फुसाचा कॅन्सर उलट जास्त निघाला. गाजर खाणं आणि त्यातला एक पदार्थ काढून मोठ्या डोसमध्ये गिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमतरता असेल तिथे गोळी हवीच, पण ती टेस्ट बघून.

औषधं आणि खाणं यांची पण गाठ असते. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवायचं औषध) चालू असेल तर पालेभाज्या एकदम बंद करायच्या नसतात आणि एकदम ढीगभर पण खायच्या नसतात, रोज साधारण सारखं प्रमाण ठेवायचं. थायरॉईडच्या गोळीनंतर कॅल्शियमच्या गोळीला चार तासांचं अंतर हवं.

आणि दात! दात दुखतात किंवा कवळी नीट बसत नाही म्हणून माणूस फळं, सॅलड, मांस सगळं सोडतो आणि मऊ, गोड, मैद्याचं खात राहतो, घरच्यांना वाटतं भूक नाही. आईच्या बाबतीत अर्धं कारण हेच निघालं. कवळी नीट करून घेतली आणि भाज्या बारीक चिरून, डाळी घोटून द्यायला लागलो तेव्हा ती आपणहून दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागली.

न ठरवता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के वजन उतरलं असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर डॉक्टरांना दाखवा. जायच्या आधी तीन दिवस काय काय खाल्लं ते कागदावर लिहा, चहा-बिस्किटांसकट, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या.