'जज विकले गेले' म्हणण्याआधी: बॉक्सिंगचा स्कोअर लावताना या चुका टाळा

मॅच संपते, निकाल लागतो आणि ग्रुपवर लगेच सुरू, "चोरी झाली", "जज विकले गेले". मीपण केलंय हे. २०१७ च्या सप्टेंबरात लास वेगासला गोलोव्हकिन आणि कानेलोची मॅच झाली, आपल्याकडे रविवारची सकाळ, पोह्यांची प्लेट हातात, आणि मी बारा राऊंड बघून छातीठोकपणे सांगत होतो की गोलोव्हकिन आरामात जिंकला. निकाल आला ड्रॉ. जाम भडकलो. मग नंतर एकदा आवाज बंद करून, कागद-पेन घेऊन तीच मॅच परत बघितली तेव्हा कळलं की माझाच हिशोब कच्चा होता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्ख्या मॅचचा एकच निकाल डोक्यात धरून बसणं. इथे प्रत्येक राऊंडचा पेपर वेगळा तपासतात. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९, आणि घंटा वाजली की पाटी कोरी. एखाद्याने तीन राऊंड समोरच्याला धू धू धुतलं पण खाली पाडलं नाही तर आघाडी साधारण तीनच पॉईंटची, आणि समोरच्याने पुढचे तीन राऊंड केसभर फरकाने घेतले की फिट्टंफाट. म्हणून राऊंड संपला की तिथल्या तिथे आकडा लिहा, नंतर आठवून नाही.

नॉकडाऊनचं गणितही लोक विसरतात. पाडलं की साधारणपणे १०-८. फ्युरी-वाइल्डर, डिसेंबर २०१८, फ्युरी दोनदा पडला, नवव्या आणि बाराव्या राऊंडला. एका जजने ११३-११३ दिलं. आता बसा कागदावर: फ्युरीला सात राऊंड दिले, वाइल्डरला पाच, त्यातले दोन १०-८, बेरीज करा, दोघांचे ११३ होतात. म्हणजे सात राऊंड जिंकूनही त्या जजच्या कार्डावर, म्हणजे मार्कांच्या कागदावर, बरोबरी!

कोणाचे किती ठोसे लागले ते आकडे तोंडावर फेकणारे तर प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. गोलोव्हकिनचे २१८ लागले, कानेलोचे १६९, मग कसला ड्रॉ? अरे पण ते आकडे रिंगजवळ बसलेली माणसं बटणं दाबून मोजतात, जजला ते बघून मार्क द्यायचे नसतात, त्यात हलका जॅब आणि डोकं हलवणारा हूक दोन्ही 'एक'च, आणि ती सगळ्या मॅचची बेरीज आहे, राऊंड कोणाचा ते त्यातून कळत नाही.

कॉमेंट्री बंद ठेवा, बस्स.

तिन्ही जजचे मार्क एकत्र करून बघणं हीपण चूक. प्रत्येकाचं कार्ड स्वतंत्र असतं. मेरी कोमचं टोकियो आठवा, २०२१, ते अमॅच्युअर होतं, पाच जज आणि तीनच राऊंड, पण मुद्दा तोच: पहिला राऊंड ४-१ ने गेला, पुढचे दोन तिने ३-२ ने घेतले, तरी मॅच ३-२ ने हरली. दोन राऊंड जिंकून हरली कशी म्हणून तेव्हा आपल्याकडे किती डोकेफोड झाली होती. कारण एवढंच की बेरीज प्रत्येक जजच्या कार्डाची होते, बहुमताने जिंकलेल्या राऊंडची नाही.

आता परत माझ्या त्या कागदावर येतो. गोलोव्हकिन ११५-११३, म्हणजे सात-पाच. एका जजचंही तेच होतं, दुसऱ्याचं ११४-११४, म्हणजे एकच राऊंड इकडचा तिकडे. त्यावर भांडण नाही आपलं, एवढ्या टाइट मॅचमध्ये होतं असं, त्यातून जज बसतात रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना, एकाला लागलेला दिसलेला ठोसा दुसऱ्याला पाठीआड जातो. पण तिसरं कार्ड ११८-११० कानेलो. म्हणजे दहा राऊंड त्याचे, गोलोव्हकिनचे फक्त दोन. तीनदा बघितली मॅच, रिवाइंड करून करून, सगळे डाउटफुल राऊंड कानेलोला देऊन टाकले तरी माझ्याकडे दहा होत नाहीत.