न्यू नेदरलँडच्या दप्तरात माणूस शोधताना या चुका टाळा

१६८८च्या ऑक्टोबरात लाँग आयलंडवरच्या वालाबाउट इथे राहणाऱ्या कातालिना त्रिको या वृद्ध बाईने जबानी दिली. वय सुमारे ८३, जन्म पॅरिसचा, १६२३ साली ‘युनिटी’ नावाच्या जहाजातून इथे आले, आणि वेस्ट इंडिया कंपनीचं ते इकडे आलेलं पहिलंच जहाज. न्यू नेदरलँडच्या, म्हणजे आज ज्याला न्यूयॉर्क म्हणतात त्या डच वसाहतीच्या, अगदी सुरुवातीच्या रहिवाशाची, स्वतःच्या तोंडची हकीकत. यापेक्षा पक्का पुरावा कोणता, असं वाटतं. पण यातलं वय तेवढं बरोबर आहे. साल चुकलेलं आहे, गाव बहुधा चुकलेलं आहे, आणि जहाज त्या नावाने डच कागदांत शोधलंत तर सापडणारच नाही.

कारण ॲमस्टरडॅमच्या विवाहपूर्व नोंदींच्या वहीत १३ जानेवारी १६२४ची नोंद आहे. नवरा योरिस, वालेन्सिएनचा, १९ वर्षांचा विणकर. नवरी कातालिना, १८ वर्षांची. २१ जानेवारीला वालोन, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्यांच्या, चर्चमध्ये लग्न लागलं. म्हणजे १६२३मध्ये ती अमेरिकेत असणं शक्य नाही. नवरीचं गाव त्या वहीत ‘वालोन मुलुखातलं प्रिस’ असं येतं. हे एनो प्रांतातलं प्रिश असावं, आणि ऐकून लिहिणाऱ्या इंग्रज कारकुनाने त्याचं पॅरिस केलं असावं. ‘युनिटी’ हे तर ‘एन्द्राख्त’ या डच नावाचं भाषांतर. वय मात्र दोन्हीकडून १६०५च्या आसपासचा जन्म दाखवतं. ६४ वर्षांच्या अंतराने दिलेली दोन वयं इतकी जुळणं दुर्मीळच.

म्हणून जबानी अख्खी खरी किंवा अख्खी खोटी मानू नका. प्रत्येक विधान सुटं करा आणि त्यापुढे तीन गोष्टी लिहा: घटनेनंतर किती वर्षांनी सांगितलं, कोणाच्या कामासाठी सांगितलं, आणि कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत उतरवलं. शिवाय त्याच माणसाची दुसरी जबानी आहे का ते पाहा. कातालिनाची आहे. फेब्रुवारी १६८५च्या जबानीत ती साल ‘१६२३ किंवा १६२४, आठवतं तसं’ असं सांगते. आधीची जबानी अधिक सावध, नंतरची ठाम. ठामपणाला भुलून नंतरची उचलली की साल चुकतं.

भलत्याच कंपनीच्या दप्तरात शोध

आपल्याकडच्या वाचकाची ही हमखास होणारी चूक. डच म्हटलं की आपल्याला वेंगुर्ल्याची वखार, सुरत, कोचीन आठवतं, म्हणजे १६०२ची ईस्ट इंडिया कंपनी. तिचं दप्तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सव्वा किलोमीटरच्या फळ्यांवर आहे आणि तिच्या खलाशी-शिपायांच्या पगारवह्यांची सूची ऑनलाइन शोधता येते. नाव टाकलं की नाव मिळतं. पण तो माणूस बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) गेलेला असतो, मॅनहॅटनला नाही. उत्तर अमेरिकेतली वसाहत १६२१च्या वेस्ट इंडिया कंपनीची. तिची जुनी कागदपत्रं डच सरकारनेच १८२१मध्ये रद्दीत विकली. त्यामुळे नेमणूक, पगार, प्रवास यांचे कागद हॉलंडात शोधत बसण्यात महिने जातात आणि हाती काही लागत नाही.

शोध तीन ठिकाणी वाटून घ्या. वसाहतीतलं सरकारी दप्तर (कौन्सिलचे ठराव, सचिवाकडची खतं, जमिनीच्या सनदा) आल्बनीला न्यूयॉर्क राज्याच्या अभिलेखागारात आहे. चर्चच्या वह्या त्या त्या मंडळीच्या. आणि निघण्यापूर्वीचं आयुष्य ॲमस्टरडॅमच्या नगर अभिलेखागारात, विवाहपूर्व नोंदी आणि नोटरींच्या दस्तांत. माणूस ॲमस्टरडॅमचा नसला तरी तिथे शोधा. जहाज चढण्याआधी कर्ज, मुखत्यारपत्र, चाकरीचा करार, काही ना काही तो नोटरीपुढे करून जाई.

आडनावावर भिस्त

इथे सगळ्यात जास्त वंशावळी बिघडतात. सतराव्या शतकातल्या बहुतेक डच रहिवाशांना कायमचं आडनाव नव्हतं. स्वतःचं नाव, त्यापुढे बापाचं नाव, एवढंच. तेउनिस खेइसबर्ट्स म्हणजे खेइसबर्टचा मुलगा तेउनिस. त्याचा मुलगा खेइसबर्ट असेल तर तो खेइसबर्ट तेउनिस होणार. आपल्या मधल्या नावासारखंच, फक्त शेवटचं आडनाव गाळलेलं. आणि ‘व्हान’ म्हणजे आपलं ‘कर’: व्हान ब्रेडा म्हणजे ब्रेडाकर. त्यात सरदारकी काही नाही. पक्की आडनावं बऱ्याच घराण्यांत १६६४मध्ये इंग्रज आल्यानंतर रुजली, आणि सख्खे भाऊही वेगवेगळी आडनावं लावू लागले.

योरिस-कातालिनाची थोरली लेक सारा, जन्म ९ जून १६२५. तिचा पहिला नवरा कागदांत कुठे हान्स हान्सन, कुठे हान्स नोर्मन. तो डच नव्हताच. नॉर्वेतल्या बेर्गनचा होता, म्हणून पुढे वंशजांत बेर्गन आडनाव दिसतं. दुसरा नवरा वर आलेला तेउनिस खेइसबर्ट्स, पुढे बोगार्ट. सारा मात्र लग्नानंतरही बापाच्या नावाने येऊ शकते: सारा योरिस. डच वह्यांत बाईचं नाव लग्नाने बदलत नाही. इंग्रजी अंमलात हळूहळू बदलू लागतं, तेव्हा एकच बाई दोन बायका वाटते.

लाडक्या रूपांचा घोळ वेगळा. त्रेइन्त्ये म्हणजे कातारिना, ख्रित्ये म्हणजे मार्खरीट, नेल्त्ये म्हणजे कॉर्नेलिया, क्लास म्हणजे निकोलास, तेउनिस म्हणजे अँटोनिस. वर इंग्रजी कारकून योरिसचा जॉर्ज करतो आणि हेन्ड्रिकचा हेन्री.

तेव्हा असं करा:

१. आडनाव रिकामं ठेवून स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढ्यावर शोधा. दोन्हींची किमान तीन स्पेलिंगं आधी लिहून काढा: सी आणि के, वाय आणि आय-जे, एफ आणि व्ही, दुहेरी ए आणि ए-ई यांची अदलाबदल करून.
२. मग जोडीदाराच्या नावावरून शोधा. जोडी जुळणं हे एकट्या नावापेक्षा कितीतरी मोलाचं.
३. मग बाप्तिस्म्याचे साक्षीदार. ते बहुधा मामा, आत्या, आजी यांपैकीच. प्रत्येक मुलाचे साक्षीदार एका पानावर लिहिले की बाईचं माहेर आपोआप दिसू लागतं.
४. शेवटी जमिनीचे शेजारी. सनदेत चतु:सीमा असतात.

नाव, जोडीदार, ठिकाण, धंदा, साक्षीदार यांपैकी तीन गोष्टी जुळेपर्यंत दोन नोंदी एकाच माणसाच्या मानू नका. १६४१मध्ये गव्हर्नरला सल्ला द्यायला निवडलेल्या बारा जणांच्या यादीत कातालिनाचा नवरा योरिस रापालिए आहे, आणि एक हेन्ड्रिक यान्सनही आहे. या नावाचे लोक त्या काळी वसाहतीत एकाहून अधिक होते. यादीतला कोणता, हे नुसत्या यादीवरून ठरवायला गेलात की फसलात.

तारखा ‘दुरुस्त’ करणं

न्यू नेदरलँडमध्ये हॉलंडप्रमाणे नवी, म्हणजे ग्रेगोरियन दिनदर्शिका चाले. इंग्रजांची जुनी, दहा दिवस मागे, आणि वर्षाची सुरुवात २५ मार्चला. न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे मॅनहॅटनवरचं वसाहतीचं मुख्य ठाणं, इंग्रजांच्या ताब्यात गेलं तो दिवस डच कागदांत ८ सप्टेंबर १६६४ आहे आणि इंग्रजी कागदांत २९ ऑगस्ट. दिवस एकच. १७००च्या फेब्रुवारीअखेरनंतर हा फरक अकरा दिवसांचा होतो आणि १७५२पर्यंत राहतो. इंग्रजी कागदात १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख असेल तर साल दुहेरी आहे का पाहा. कातालिनाच्या पहिल्या जबानीवर १६८४/५ असं आहे. तिरपी रेघ आणि नंतरचा आकडा गाळून १६८४ छापलं की एक वर्ष गेलं.

खुद्द नेदरलँड्समध्येही एक पद्धत नव्हती. हॉलंड आणि झेलंडने नवी दिनदर्शिका लवकर घेतली. उट्रेख्त, खेल्डरलँड, ओव्हरआइसल, फ्रीसलँड, ख्रोनिंगन यांनी १७००-०१मध्ये. उट्रेख्तच्या खेड्यातला बाप्तिस्मा आणि ॲमस्टरडॅमचं लग्न यांच्यातलं अंतर दिवसांत मोजायचं असेल तर हे आधी पाहा.

महिन्यांची संक्षिप्त रूपं तर ऐन पेचाची. ७बर म्हणजे सप्टेंबर, जुलै नव्हे. ८बर ऑक्टोबर, ९बर नोव्हेंबर, रोमन दहाचा आकडा आणि बर म्हणजे डिसेंबर. लॅटिन मोजणी आहे ही.

आपल्या टिपणात मूळ तारीख जशीच्या तशी ठेवा, बदललेली तारीख शेजारच्या रकान्यात. एकदा मूळ तारखेवर रूपांतरित तारीख लिहिली की पुढचा माणूस पुन्हा दहा दिवस मिळवतो. आणि बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून, विवाहपूर्व नोंदीची तारीख लग्नाची म्हणून लिहू नका.

सूचीलाच दस्त समजणं

आल्बनीच्या डच कागदांची ई. बी. ओ’कॅलॅहन यांनी केलेली आणि १८६५मध्ये छापलेली सूची सगळीकडे उद्धृत होते. ती सूची आहे. दोन पानी खताला तिथे एक ओळ मिळते, आणि साक्षीदार, रकमेचा प्रकार, सही की खूण हे त्या ओळीत नसतं. त्याआधी व्हान डर केम्प यांनी १८१८ ते १८२२मध्ये केलेलं हस्तलिखित भाषांतर २४ खंडांचं होतं. २९ मार्च १९११च्या आल्बनीच्या आगीत ते जळालं. मूळ डच कागद खालच्या फळ्यांवर असल्यामुळे बरेचसे वाचले, पण कडा होरपळल्या. त्यामुळे एखाद्या ओळीचं टोक आज मूळ कागदावर नसेल आणि जुन्या नकलेत असेल, असंही होतं. १९७४पासून चार्ल्स गेहरिंग यांच्या हाताखाली नवी भाषांतरं होत आली आहेत. तुमच्या टिपणात कोणत्या भाषांतरकाराचा मजकूर आहे हे लिहा, खंड आणि पान लिहा, आणि निष्कर्ष ज्या एका शब्दावर टेकला आहे तो शब्द मूळ कागदाच्या छायाचित्रात वाचा. मोडी वाचणाऱ्याला हे अक्षर फार परकं वाटणार नाही. एच हे अक्षर ओळीखाली शेपूट सोडतं, एन आणि यू सारखेच दिसतात, आणि ई उलटा असतो. लग्नाच्या वहीतल्या ‘जे. एम.’ आणि ‘जे. डी.’ या नावांच्या आद्याक्षरांच्या जोड्या नाहीत. अविवाहित तरुण आणि अविवाहित तरुणी, एवढाच त्यांचा अर्थ.

मापं आणि पैसे

योरिसच्या वालाबाउटच्या जमिनीचं माप १६७ मॉर्खन ४०६ रूडे असं मिळतं. एक मॉर्खन म्हणजे ६०० चौरस रूडे. ‘४०६ रॉड’ असं भाषांतर वाचून इंग्रजी साडेसोळा फुटी रॉड धरला की हिशेब बिघडलाच. ॲमस्टरडॅमच्या रूडेने (सुमारे ३.६८ मीटर) ही जमीन ३३६-३७ एकर भरते. ऱ्हाइनलँडच्या रूडेने (सुमारे ३.७७ मीटर) ३५२ एकरांवर जाते. छापील पुस्तकांतले ३३५ एकर हे मॉर्खनला सरसकट दोन एकर धरून आलेले आहेत.

गिल्डर म्हणजे २० स्टाइव्हर, पण कोणते गिल्डर? हॉलंडचं नाणं, बीव्हरची कातडी, की सेवांत म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांची माळ? मण्यांचा भाव घसरत गेला. ‘सेवांतमध्ये’ हा शब्द गाळून रक्कम टिपली की गरीब माणूस कागदावर श्रीमंत होतो.

नोंद नाही म्हणजे माणूस नाही?

न्यू ॲमस्टरडॅमच्या चर्चची उपलब्ध बाप्तिस्मा वही १६३९पासूनची. म्हणून १६२५च्या साराचा बाप्तिस्मा तिथे शोधू नका. आल्बनीची बाप्तिस्मा वही १६८३पासून सुरू होते. ब्रूकलेनची (आजच्या ब्रुकलिनची) मंडळी १६६०ची. आधीच्या काळासाठी अर्ज आणि खटले पाहा. साराने १६५६मध्ये कुरणासाठी केलेल्या अर्जात आपण या वसाहतीत जन्मलेली पहिली ख्रिस्ती मुलगी असल्याचं म्हटलं आहे. जहाजांच्या प्रवासीयाद्याही सलग नाहीत. १६५४ ते १६६४च्या उतारूंची नावं मिळतात ती एका हिशेबवहीतून. सुरुवातीच्या बाप्तिस्म्यांत आईचं नाव पुष्कळदा लिहिलेलंच नसतं, म्हणून दोन बायकांची मुलं एकीच्या नावावर चढवू नका.

आल्याचं साल शोधायला किंग्ज काउंटीची (ब्रुकलिनच्या परिसराची) १६८७ची निष्ठेच्या शपथेची यादी सोयीची. नावापुढे देशात किती वर्षं झाली ते, किंवा ‘इथलाच’ असा शेरा आहे. बायका मात्र त्यात नाहीत.

योरिसच्या बाबतीत ऑनलाइन वंशावळींत हमखास भेटणारी फ्रेंच सरदार घराण्याची शाखा कोणी दाखवली तर वही आणि पान विचारा. १६२४च्या विवाहपूर्व नोंदीत तो विणकर आहे, आणि नावाखाली दोघांच्याही सहीच्या जागी नुसती खूण आहे.