लहान मुलांचा ईईजी शिकायचाय? नागपुरातून माझा अनुभव

ईईजी म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लाटा नोंदवणं. लहान मुलांच्या ईईजीच्या फील्डमध्ये यायला काय यायला पाहिजे असं कोणी विचारलं की मला एकच दुपार आठवते. चार वर्षांचा मुलगा, अँजेलमन सिंड्रोम या जीनमुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराचा संशय, आईच्या मांडीवर कसाबसा झोपला आणि स्क्रीनवर डोक्याच्या मागच्या बाजूच्या इलेक्ट्रोडमध्ये मोठ्या संथ लाटा यायला लागल्या, सेकंदाला दोन, अगदी एकसारख्या. अँजेलमनमध्ये २ ते ३ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोन-तीन येणाऱ्या संथ, डेल्टा लाटा दिसतात हे मी वाचलेलं होतं, मग काय, धावत जाऊन सरांना घेऊन आले. सर मिनिटभर बघत राहिले आणि मग बाजूच्या व्हिडिओवर बोट ठेवून म्हणाले, "आईचा हात बघ." ती त्याला थोपटून राहिली होती. हिरव्या बांगड्यांचा हात एका सेकंदात दोनदा पाठीवर पडत होता आणि प्रत्येक थापेला एक लाट. ताई जरा थांबा म्हटलं, तिने हात उचलला आणि सगळ्या लाटा गेल्या, राहिली फक्त साधी झोप.

दहाएक मिनिटांनी मात्र खऱ्या लाटा आल्या. कपाळाकडच्या भागात जास्त, आकार थोडा खाचेसारखा तुटका, आणि आईचे दोन्ही हात तेव्हा तिच्या पदरात होते. नंतर मिथायलेशन नावाच्या जीनच्या टेस्टमध्ये अँजेलमनच निघालं. पण मी जर तो पहिला तुकडा "डेल्टा" म्हणून मार्क करून पुढे पाठवला असता तर त्या मुलाच्या डेटात त्याच्या आईचं थोपटणं मोजलं गेलं असतं. तेव्हापासून मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, की पायथन, म्हणजे डेटासाठी लागणारं प्रोग्रामिंग, नंतर शिका, आधी तीन महिने एखाद्या जुन्या ईईजी टेक्निशियनच्या शेजारी बसा आणि फक्त बघा.

आता हे काम काय आहे ते थोडक्यात. अँजेलमन, रेट, ड्रावे, फ्रॅजाइल एक्स असे बरेच आजार एखाद्या जीनमधल्या किंवा क्रोमोसोमच्या तुकड्यातल्या बदलामुळे होतात. यातली खूप मुलं बोलत नाहीत, सांगितलेलं करत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या चाचण्यांमध्ये ती कुठे आहेत तेच कळत नाही. एमआरआयच्या मशीनमध्ये जागेपणी स्थिर झोपणं त्यांना जमत नाही. ईईजीत मूल आईच्या मांडीवर बसू शकतं, थोडं हललं तरी चालतं, आणि मेंदूत काय चाललंय ते मिलिसेकंदात दिसतं. कुठलं नवीन औषध मेंदूवर काही करतंय का हे बघायला असं बाहेरून मोजता येणारं काहीतरी लागतं, म्हणून अँजेलमनमधल्या डेल्टा लाटांकडे औषध-संशोधनवाले इतकं लक्ष देतात. हान्स बर्गरने १९२४ मध्ये जर्मनीत माणसाचा पहिला ईईजी घेतला, त्याला शंभर वर्षं झाली, मशीन कुठल्या कुठे गेलं, पण डोक्याला इलेक्ट्रोड लावायचं काम अजून हातानेच करावं लागतं. सिग्नल मायक्रोव्होल्टमधला असतो, म्हणजे हृदयाच्या ईसीजीपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे डोक्यावरची प्रत्येक चूक त्यात दिसते.

पहिली अडचण म्हणजे तेल. आपल्याकडे मुलाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे आई आदल्या रात्री छान तेल लावून चापून भांग पाडून आणते, आणि तेल म्हणजे इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडीमधला विजेला होणारा अडथळा) वर. ५ किलोओहमच्या खाली आणायला शिकवतात, लहान मुलांत १० पर्यंत चालवून घेतात, पण खोबरेल तेलाच्या डोक्यावर तेवढंही येत नाही. म्हणून अपॉइंटमेंटच्या फोनवरच सांगायचं, आदल्या दिवशी शॅम्पूने धुवा आणि तेल नको, आणि हे दोनदा सांगायचं, एकदा आईला आणि एकदा घरात आजी असेल तर आजीला.

दुसरं, इलेक्ट्रोड बसवलेल्या टोपीचा साइज. वयावरून टोपी काढू नका. अँजेलमन आणि रेट दोन्हीमध्ये डोक्याची वाढ मागे पडते, सहा वर्षांच्या मुलाला दोन वर्षांच्या मुलाची टोपी बसू शकते. टेपने घेर मोजा, मग नाकाच्या मुळाशी जो खळगा असतो तिथपासून मागच्या उंचवट्यापर्यंत मोजा आणि त्याचे १० आणि २० टक्के काढून खुणा करा. ही १०-२० पद्धत १९५८ मध्ये छापली गेली आणि आजही तीच चालते. टोपी एक सेंटिमीटर सरकली तर दोन मुलांच्या तुलनेला अर्थच राहत नाही.

टोपी घालून घेणं हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि हे कुठल्याच पुस्तकात नीट नाही. अँजेलमनच्या मुलांना पाण्याचं आणि चुरचुर वाजणाऱ्या कागदाचं विलक्षण वेड असतं. भंडाऱ्याकडची एक आई मला म्हणाली, "ताई, याले पाणी दिसलं का हा कोणाचंच ऐकत नाही." आम्ही बिस्किटच्या पुड्याचा रिकामा कागद दिला त्याच्या हातात. तो चुरगळत बसला, हसत बसला, आणि तेवढ्यात एकोणीस इलेक्ट्रोड लागले. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी मात्र तो कागद हळूच काढून घ्यावा लागतो, हात हलला की खांद्याच्या आणि मानेच्या स्नायूंचा सिग्नल वर चढतो. घाई केली, धरून टोपी घातली, तर पुढचा तासभर रडणंच रेकॉर्ड होतं आणि त्या मुलाला पुढच्या वेळी पांढरा कोट दिसला तरी भीती वाटते. आमच्याकडे कोणी मुलाला जबरदस्तीने धरत नाही, नाही झालं तर त्या दिवशी नाही झालं.

झोपेचं गणित नागपुरात वेगळंच आहे. बाहेरच्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं की रात्री कमी झोपवून आणा, म्हणजे इथे झोपेल. आता गडचिरोलीवरून किंवा यवतमाळवरून एसटीने येणारं मूल, रात्री दोनला उठवलेलं, पहाटेच्या गाडीत बसलं की झोपणारच ना, आणि आमच्याकडे पोचेपर्यंत एकदम ताजंतवानं. अँजेलमनची मुलं तर तशीही कमी झोपतात. आम्ही मग लांबून येणाऱ्यांना दुपारी दीड-दोनची वेळ देतो, आल्यावर जेवू द्यायचं, खोलीत अंधार करायचा आणि वाट बघायची. त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो, सोबत दुसरं मूलही असतं कधी, म्हणून तुमच्या प्रोजेक्टच्या बजेटमध्ये प्रवासखर्च आणि जेवण लिहिलेलं आहे का ते जॉइन व्हायच्या आधीच विचारा. नसेल तर भांडा त्यासाठी.

आणि मे महिना. ४५ च्या वर तापमान गेलं की घाम येतो आणि घामाने सगळी रेषच वरखाली वाहायला लागते, अर्ध्या हर्ट्झच्याही खालच्या संथ लाटा. कूलर लावला तर त्याच्या हवेने वायरी हलतात आणि मोटारीची ५० हर्ट्झची घरघर आत शिरते. आम्ही आधी तासभर खोली थंड करून ठेवतो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद. बरं, सॉफ्टवेअर शिकताना हे लक्षात ठेवा की अमेरिकन ट्युटोरियलमध्ये नॉच फिल्टर, म्हणजे विजेची घरघर काढणारा फिल्टर, ६० वर असतो, तिथली वीज ६० हर्ट्झची आहे. आपली ५० ची. मी पहिल्या महिन्यात कोड जसाच्या तसा कॉपी केला होता आणि घरघर काढली जात नाही म्हणून दोन दिवस अॅम्प्लिफायर तपासत बसले होते.

रेटच्या मुलींबद्दल वेगळं सांगायलाच पाहिजे. हा आजार आंद्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये नोंदवला आणि त्यामागचा एमईसीपी२ हा जीन १९९९ मध्ये सापडला, बहुतेक रुग्ण मुलीच. सुरुवातीचे महिने बाळ बऱ्यापैकी वाढतं आणि मग आलेले शब्द जातात, हातांचा वापर जातो, कपडे पिळल्यासारखे हात एकमेकांत फिरत राहतात. या मुली जागेपणी भरभर श्वास घेतात आणि मग एकदम रोखून धरतात. कुठल्याही मुलाने भरभर श्वास घेतला तरी ईईजीतल्या लाटा संथ होतात, म्हणून श्वासाचा पट्टा लावा, नसेल तर वहीत सेकंदासकट लिहा. आणि टक लावून थांबली म्हणजे झटकाच (फिट) आला असं नाही, व्हिडिओ आणि ईईजी सोबत लावूनच ठरतं ते. पण मला त्या मुलींचे डोळे सांगायचे होते. एका नऊ वर्षांच्या मुलीला मी जेल लावताना सगळं सांगत होते, आता थंड लागेल, आता कानामागे, आणि ती प्रत्येक वेळी माझ्या हाताकडे आधी बघायची. तिच्यासमोर तिच्याबद्दल "हिला काही कळत नाही" असं कोणी बोलू नका, घरच्यांनी म्हटलं तरी तुम्ही होला हो करू नका.

औषधांची यादी विसरू नका, नाव, डोस आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते. याचं कारण सांगते. अँजेलमनमध्ये १५ नंबरच्या क्रोमोसोमचा जो तुकडा बहुतेकदा आईकडून आलेल्या प्रतीत गायब असतो, तोच तुकडा जास्तीचा आला तर डुप१५क्यू हा दुसरा आजार होतो, आणि त्यात ईईजीवर बीटा, म्हणजे जलद, लाटा भरपूर दिसतात. आता क्लोबाझाम, क्लोनाझेपाम ही झटक्यांची औषधं पण बीटाच वाढवतात. म्हणजे जे दिसतंय ते जीनमुळे का गोळीमुळे हे तुमच्या वहीतल्या एका ओळीवर ठरतं.

शिक्षणाचं विचाराल तर आमच्या टीममध्ये फिजिओथेरपीवाली आहे, सायकॉलॉजीवाला आहे, मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सची. डिग्रीने फार अडत नाही. धंतोली-रामदासपेठेत न्यूरोलॉजिस्टकडे, नाहीतर मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, विचारून बघा, टेक्निशियनच्या शेजारी बसू देतील का म्हणून. घरी सरावासाठी सीएचबी-एमआयटी नावाचा मुलांचा ईईजी डेटा नेटवर फुकट मिळतो, ईईजी बघायचं एमएनई-पायथन हे सॉफ्टवेअर पण फुकट आहे. पण फाइल उघडली की लगेच फिल्टर मारू नका, आधी कच्ची रेष दहा-दहा सेकंदांनी पूर्ण बघा, डोळ्यांची उघडझाप कुठली, चावणं कुठलं, झोप कुठे सुरू झाली ते हाताने लिहा. आयसीए वगैरे, म्हणजे कॉम्प्युटरने डोळ्यांचे-स्नायूंचे सिग्नल वेगळे काढणं, ते नंतर. प्रोजेक्टच्या नोकऱ्या कंत्राटी असतात, पगार कधीकधी उशिरा येतो, माझा एकदा तीन महिने अडकला होता, घरी हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

शेवटचं, संमतीपत्र. कागद बाबांच्या सहीने होतो पण प्रश्न आईचे असतात, म्हणून दोघांना सोबत बसवून मराठीत वाचून दाखवा, आणि सात वर्षांच्या वरचं मूल समजू शकत असेल तर त्यालाही विचारा. जवळपास प्रत्येक आई एकदा विचारतेच, "हे केल्यानं बोलायला लागन का हा?" मी पहिल्या वेळी गडबडून काहीतरी गोल गोल बोलले होते आणि तिने ते हो असं समजलं, सहा महिन्यांनी फोन करून विचारलं की अजून बोलत नाही तर परत यायचं का. आता मी सरळ सांगते, ताई, यातून तो बोलायला लागणार नाही, हा अभ्यास आहे, यातून जे कळेल ते तुमच्या डॉक्टरांना देऊ, आणि नाही म्हणालात तरी त्याच्या उपचारात काहीच कमी होणार नाही. काही जणी उठून जातात. बऱ्याच जणी थोडा वेळ गप्प बसतात आणि मग मुलाचे केस मोकळे करायला लागतात.