कयाक वल्हवताना मनगट का जातं

कयाक सरळ नेता येते, उलटली तर बाहेर पडता येतं, एवढं तुम्हाला जमतंय असं धरतो. खाडीवर गाइड व्हायला येणारी पोरं बहुतेकदा हात दुखतो म्हणून सोडून जातात, आणि वरून ऐकून घेतात, "ताकद कमी पडतेय, जिम लाव." साफ चुकीचा सल्ला. जिमनं मूठ आणखी घट्ट होते, आणि घट्ट मूठ हेच तर दुखणं आहे.

पकडीची रुंदी सोपी. वल्हं डोक्यावर आडवं टेकवा, कोपर काटकोनात आले की हात असतील तिथं दांड्यावर रंगीत चिकटपट्टी लावा. भाड्याचं वल्हं असलं तरी लावा.

खरा घोळ फेदरचा, म्हणजे वल्ह्याच्या दोन टोकांच्या पात्यांमधल्या कोनाचा. मधल्या सांध्यात दोन पाती एकमेकांशी कोन करून बसवता येतात: ०, ३०, ४५, ६० अंश. हवेतलं पातं समोरच्या वाऱ्याला धारेनं कापत जावं, हा हेतू. देवबागला कर्ली खाडीत दुपारी समुद्रावरून वारं सुटलं की ६० अंशांचं वल्हं खरोखर हलकं वाटतं. माझ्या हाती पहिलं वल्हं तसंच आलं. ते कसं फिरवायचं हे कुणी सांगितलं नाही. दोन्ही मुठी आवळून मी ते ओढत राहिलो आणि उजवं मनगट धरलं.

काय होतं ते नीट बघा. उजवं पातं पाण्याबाहेर आलं की डावं आपोआप सरळ उतरत नाही, दांडा फिरवावा लागतो. फिरवणारा हात बहुधा उजवा. त्याची मूठ दांड्यावर कायम, बोटांची हाडं पात्याच्या वरच्या कडेच्या रेषेत. डाव्या हातानं तेवढ्यापुरतं सैल पडायचं आणि दांडा आतल्या आत फिरू द्यायचा. तो सैल पडला नाही तर दोन्ही हात एकमेकांविरुद्ध पिळतात. मिनिटाला ५० फटके धरले तरी तासाला ३,०००, म्हणजे उजवं मनगट १,५०० वेळा मागं मोडतं. बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात, त्यांच्या कंडरा मनगटातून जातात. मनगट मोडून मूठ आवळली की सगळा ताण तिथं.

मग दांडा फिरवायचा कशानं? हात उचलून. डावा फटका मारताना उजवा हात कोपरासकट डोळ्यांच्या उंचीपर्यंत येऊ द्या, दांडा बराचसा त्या उचलण्यातच फिरतो. मनगटाला उरलेलंच काम करावं लागतं. म्हणून हात खाली ठेवून निवांत वल्हवणाऱ्यानं ६० अंश वापरणं म्हणजे हात मोडून घेणं. ० किंवा ३० वर सुरू करा. "खरे कयाकवाले ६० वरच मारतात" म्हणणारा गुरू भेटला तर नमस्कार करा आणि पुढं जा. त्यापेक्षा होडी वल्हवणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या मच्छीमाराचे हात बघा. वल्हं वेगळं, पण मूठ कशी सैल असते ते कळेल.

वरच्या हाताची बोटं ढकलताना उघडी ठेवली तरी चालतात, वल्हं पडत नाही. सुरुवातीला पडेलसं वाटतं, पातं वेडंवाकडं उतरतं, कयाक डुलते. सगळ्यांचं होतं, घाबरू नका.

मात्र अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर, हाताच्या मागच्या अंगाला दुखायला लागलं आणि तिथं बोट ठेवल्यावर करकर जाणवली, तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरला दाखवा. पट्टा बांधून दामटणारे महिनोन्महिने घरी बसलेले पाहिलेत. हातमोज्यांनी फोड वाचतात, हे दुखणं नाही.

सोबत्याला बाजूच्या कयाकमधून बघायला सांगा. उजव्या मनगटावर मागं घडी पडताना दिसली की काठावर या आणि फेदर एका खाचेनं कमी करा.