नॅनो युरिया फवारताय? या चुका टाळा

2021 मध्ये इफ्को या सहकारी खत संस्थेचा नॅनो युरिया, म्हणजे पानांवर फवारायचं अतिसूक्ष्म कणांचं पातळ नत्रखत, बाजारात आला, तेव्हापासून 'एक बाटली म्हणजे एक गोणी' हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. याच वाक्यावर विसंबून युरियाची गोणी टाळायची आणि बाटलीवर भागवायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

हिशेब वहीत मांडून बघा. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. 4 टक्क्यांच्या अर्धा लिटर बाटलीत 20 ग्रॅम. फरक हजारपटीचा आहे! नंतर आलेल्या 'नॅनो युरिया प्लस'मध्ये नत्र 20 टक्के, तरी बाटलीमागे शंभर-सव्वाशे ग्रॅमच. कण कितीही बारीक असो आणि पानात कितीही सहज शिरो, बाटलीत जेवढं नत्र आहे त्याहून जास्त पिकाला मिळणार नाही. दाण्यात आणि काडात जाणारं नत्र कुठून तरी यावंच लागतं. खतातून आलं नाही तर पीक ते जमिनीतून ओढतं आणि पुढच्या हंगामात जमीन उपाशी राहते. पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं निम्मा युरिया कमी करून त्याजागी नॅनोची फवारणी दिली, तेव्हा भाताचं उत्पादन सुमारे 13 टक्के आणि गव्हाचं 21 टक्क्यांहून अधिक घटलं.

म्हणून बेसल डोस (पेरणीच्या वेळचं खत) आणि वरखताचे हप्ते माती परीक्षणाप्रमाणेच द्या. पानातूनच नत्र द्यायचं असेल, तर साधा युरिया विसरू नका. 15 लिटरच्या पंपात 2 टक्क्यांनी 300 ग्रॅम युरिया टाकला की 138 ग्रॅम नत्र जातं. 4 टक्क्यांच्या नॅनोचे 60 मिली टाकले तर अडीच ग्रॅमसुद्धा नाही. युरियाचं प्रमाण मात्र वाढवू नका, पानं करपतात.

पान पिवळं दिसलं की बाटली उघडायची, ही दुसरी चूक. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत सोयाबीन, भुईमूग, उसावर तो हमखास येतो. तिथे लोह लागतं, हिराकसची (फेरस सल्फेट) फवारणी लागते. नत्राने काही होत नाही.

नॅनो झिंकचं प्रमाण तर अंदाजाने कधीच ठरवू नका. झिंक ऑक्साइडचे कण जास्त झाले की मुळांची वाढ खुंटते, हे मुळा, मका, काकडीच्या रोपांवर प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

बाटली नीट हलवून घ्या. ऊन आणि वारा टाळून सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. कीटकनाशकात मिसळण्याआधी काचेच्या बरणीत थोडं मिश्रण करून ठेवा. फाटलं किंवा गाळ बसला तर पंपात ओतू नका.

गोणीबरोबर लिंकिंगमध्ये, म्हणजे दुकानदाराच्या सक्तीने, बाटली घ्यावीच लागली असेल, तर शेताच्या एका कडेला चार ओळी न फवारता सोडा. बाकीची खतं सगळीकडे सारखीच द्या. काढणीला त्या चार ओळी आणि शेजारच्या फवारलेल्या चार ओळी वेगवेगळ्या मळून तोला.