जुनं पिस्तूल बघायचं तर आधी स्प्रिंग शोधा

संग्रहालयात जुन्या पिस्तुलांच्या काचेपुढे उभे राहिलात तर खालची चिठ्ठी लगेच वाचू नका. मी या पिस्तुलांची छेदचित्रं काढतो आणि माझी रीत एकच: स्प्रिंग कुठे दडवलीय ते हुडकायचं. 1890 च्या दशकात युरोपातले कारागीर आपोआप भरणारं पिस्तूल घडवायच्या मागे लागले होते. गोळी सुटल्यावर धक्क्याने मागे गेलेला भाग पुढे आणायला दमदार स्प्रिंग हवी, पण हातात मावणाऱ्या वस्तूत ती बसवायची कुठे?

मुठीच्या मागे गोल फुगवटा दिसला की समजा, ह्यूगो बोर्चार्टचं 1893 चं पिस्तूल, बर्लिनच्या लुडविग लोवे कारखान्यातलं. फुगवट्यात घड्याळात असते तशी गुंडाळलेली स्प्रिंग, वर गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा. बोजड प्रकरण. गेओर्ग लुगरने तोच सांधा ठेवून स्प्रिंग मुठीत नेली आणि 1900 मध्ये स्विस सैन्याने ते पिस्तूल स्वीकारलं. इथे मी फसलो होतो. 1900 च्या नमुन्यात मी वेटोळ्याची स्प्रिंग काढली. होती पट्टीची, वेटोळी आली 1906 मध्ये. अख्खं चित्र खोडलं. तेव्हापासून सांध्याची बटणं आधी बघतो: खोलगट कापलेली असली तर बहुधा जुना नमुना.

चापाच्या पुढे मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, असेल तर माउझर किंवा बर्गमान. दोघांची स्प्रिंग बोल्टच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या, पोटात, तेव्हा बाहेरून शोधून उपयोग नाही. वरून क्लिपने (गोळ्या ओळीने धरणाऱ्या पट्टीने) भरायचं ते ओबर्नडॉर्फच्या फीडर्ले बंधूंचं माउझर. मॅगझिनला बाजूने उघडणारं झाकण असेल तर लुई श्मायसरने बर्गमानसाठी आखलेलं. 1896 च्या बर्गमानच्या सुरुवातीच्या नमुन्यांत गोळीचं रिकामं टरफल ओढणारा आकडाच नाही, वायूच्या नुसत्या दाबाने ते बाहेर पडे. मला हे धाडस वाटतं.

मानलिखरच्या 1894 च्या पिस्तुलात तर सगळं उलटं: मागचा भाग जागच्या जागी, नळीच पुढे सरकते, म्हणून स्प्रिंग नळीभोवती.

शेवटी ब्राउनिंगचं 1900 चं, बेल्जियममधल्या एर्स्तालचं. समोरून एकावर एक दोन थर दिसतात. वरचा थर नळीचा समजून बरेच जण फसतात. नळी खालची, वर स्प्रिंग, आणि तीच गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या टाचणीलाही रेटते. वहीत आधी ती वरची पोकळी काढा, नळी मग.